मोन्नाफचं छप्पर, तोराबच्या भिंती

आमच्या चरावर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटावर, घर म्हणजे हलवायची वस्तू. ब्रह्मपुत्रा काठ खायला लागली की टिनाचे पत्रे उतरवायचे, बांबूचे तट्टे सोडायचे, सगळं होडीत घालायचं आणि पुढच्या वाळूवर पुन्हा उभं करायचं. जोबेदाकाकूंचं घर असं कितीदा उठलं आणि बसलं. यंदा मात्र होडीतून उतरलं ते दोन मुलांच्या भांडणात सापडलं. उंचवट्याची जागा कोणाची, यावरून आधी सुना भांडल्या, मग भाऊ. थोरल्या मोन्नाफनं पत्रे घेतले, धाकट्या तोराबनं तट्टे. आता एकाकडे टिनाखाली भिंतींच्या जागी खताच्या प्लॅस्टिकच्या गोण्या लटकतात, दुसऱ्याकडे देखण्या भिंतींवर निळं प्लॅस्टिक फडफडतं. दोघंही माझे विद्यार्थी. गणितात कच्चे होते, पण इतका वाईट भागाकार करतील असं वाटलं नव्हतं.

जनगणना मास्तरांच्याच माथी. मी गेलो तर काकूंनी वाटेतच गाठलं.

"मास्तर, एकच घर लिही बाबा. भिंत बांबूची, छप्पर टिनाचं. सरकारदरबारी एक झालं तर पोरं लाजेकाजेनं तरी एक होतील."

मी तोऱ्यात जाऊन म्हणालो, "हे एकच घर धरतोय."

"ते कसं काय? चुली दोन आहेत," मोन्नाफ म्हणाला.

"आणि दोन्ही पेटतात," तोराब म्हणाला.

कितीतरी दिवसांनी त्यांचं एकमत झालं, तेही यावर! माझं डोकंच फिरलं, पण नियम त्यांच्या बाजूनं होता: चूल वेगळी तर घर वेगळं. थोरल्याची भिंत प्लॅस्टिकची लिहिली, धाकट्याचं छप्पर प्लॅस्टिकचं.

"माय कोणाकडे?" मी विचारलं.

"तोराबकडे लिहा," मोन्नाफ म्हणाला. "तिथं भिंती आहेत. तिला वारा सोसत नाही."

"छे, दादाकडे लिहा," तोराब म्हणाला. "तिथं टिन आहे. तिला पाऊस सोसत नाही."

काकू दोन्ही दारांच्या मध्ये बसून सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला.

"खरंच बोलतायत रे दोघं," त्या म्हणाल्या. "मला होडीत लिही, मास्तर. माझं घर शेवटचं अख्खं तिथंच होतं."

मला भरून आलं. पण होडी लिहायची सोय नव्हती. मी काकूंना थोरल्याकडे लिहिलं.

मोन्नाफ जवळ सरकला. "हे फक्त कागदापुरतं ना, मास्तर?"