खाली बसलेल्यांची सही

हे तुम्हांला कुणालाच पटणार नाही, आणि पटलं तर माझंच काहीतरी सांगायचं चुकलं असं मी समजेन. विमानातून चार हजार एकशे एक उड्या मारल्यात मी. त्यातल्या चार हजार एकशे सांगण्याजोग्या नाहीत. उडी मारली, छत्री उघडली, खाली येऊन सँडविच खाल्लं. उरलेली एक अशी आहे, की तिच्यापायी ओक्लाहोमातल्या तीन गावांत मला खोटारडा म्हणतात आणि चौथ्यात बिअर पाजतात. चौथं गाव हे.

परवाच्या शनिवारी दुपारी वारा फार वाढला म्हणून उड्या थांबल्या आणि आम्ही सगळे हँगरच्या दारातल्या बाकांवर येऊन बसलो. शेल्बी नावाची एक नर्स त्याच दिवशी सकाळी आयुष्यातली पहिली उडी मारून आली होती. केस अजून आभाळाकडे उभे, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे पहिल्या उडीनंतर दोन दिवस पुसलं जात नाही. तिनं मला विचारलं, "हार्लन, इतक्या वर्षांत सगळ्यांत मोठा धोका कोणता बघितला तुम्ही?"

"ओलीटा प्रॅथर," मी म्हणालो.

सगळे हसले. कारण ओलीटा म्हणजे आमच्या तळावरची छत्र्या बांधणारी. मुख्य छत्रीची घडी ज्याची त्यानं घालायची, पण राखीव छत्री तिच्याच हातची. एकेक दोरी अशी लावते, जशी लेकीची वेणी घालतेय. मग लाल दोरा, त्यावर शिशाचं सील. तीस वर्षांत तिनं बांधलेली एकही छत्री दगा देऊन गेली नाही.

"ओलीटा?" शेल्बी म्हणाली. "कॉफीचा मग काठाजवळ ठेवला म्हणून आज सकाळी ती मला ओरडली!"

"तीच. आणि तीच बाई एकदा मांडीच्या खिशात सहा गोळ्या भरलेलं रिव्हॉल्वर घेऊन विमानात चढली."

बाकांवरचे सगळे माझ्याकडे सरकले. मला असे बाक आवडतात.

तर त्या वर्षी गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचं मासळीचं जेवण होतं. धावपट्टीपलीकडच्या मैदानात तंबू, लांबलचक टेबलं, तीनशे माणसं आणि बँड. ठरलं असं होतं, की ओलीटानं आणि मी आभाळातून थेट त्यांच्या मधोमध उतरायचं. विमान चालवायला एमेट होता. तो आता अलास्कात असतो, त्यामुळे साक्षीला यायचा नाही.

आमच्यात एक रीत आहे. उडीआधी दोघांनी एकमेकांच्या पिना, पट्टे, बक्कल हातानं चाचपून बघायचे. तपासणारा 'नाही' म्हणाला, की नाही. देशाचा अध्यक्ष असला तरी त्यानं मुकाट विमानातूनच खाली जायचं. वाद घालायचा तो जमिनीवर. तर नऊ हजार फुटांवर मी ओलीटाचे पट्टे तपासत होतो आणि मांडीपाशी हाताला काहीतरी टणक लागलं.

"हे काय गं?"

"माझा हक्क."

"तुझ्या हक्काला मूठ कशाला लागते?"

"थट्टा नको, हार्लन. माझं शेत कुठंय ठाऊक आहे ना? शेरीफ चाळीस मैलांवर. मागच्या वसंतात दोघे अनोळखी माझं फाटक तोडत होते. फोन केला. शेरीफची गाडी येईपर्यंत कॉफी दोनदा गार झाली. मी घरापुढच्या ओट्यावर नुसती उभी राहिले, ही बंदूक हातात धरून. एक गोळी नाही झाडली. दोघे पळाले. आता सांग, त्या वेळी कुणी वाचवलं मला?"

हे सांगताना माझाही आवाज जरा चढला असावा, कारण शेल्बी म्हणाली, "तुम्हांला तर ते पटलेलंच दिसतंय."

"पटणारच की! आपण काय वेगळं करतो? चार हजार फुटांवर छत्रीचा गुंता झाला तर कोण शेरीफ येतो सोडवायला? आपलं आपण. हेच तर ओलीटा म्हणत होती. 'छत्री आणि ही, दोन्ही एकाच जातीच्या,' म्हणाली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हणालो, "एका जातीच्या नाहीत, ओलीटा. छत्री नाही उघडली तर खड्डा माझा पडतो. म्हणून तर आपण इथं कागदावर सही करतो, मेलो तर मीच जबाबदार. पण खाली तीनशे माणसं मासे खातायत. त्यांनी कुठं सही केलीय?"

"रस्त्यानं चालणारे तरी कुठं सही करतात? तू ट्रक चालवतोसच ना?"

बोलणं बिनतोड होतं. मी तिच्या खिशाची चेन चाचपली.

"चालवतो. पण ब्रेक तपासून. तुझा हक्क तुझ्यापाशी ठेव, मी कोण तो काढून घेणारा! पण तुझ्या खिशाची चेन तुटलीय, ती बघ आधी."

"सेफ्टी पिन लावलीय."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या काढल्या तर तो हातोडा झाला. हातोडा घेऊन कोण हिंडतं?"

पुढून एमेट ओरडला, "लग्न झालंय का तुमचं? दोन मिनिटांत मैदान खाली येतंय! उतरताय की घरी नेऊन सोडू?"

इथं 'नाही' म्हणायला हवं होतं. एवढा दोन अक्षरी शब्द. पण खाली ते तंबू दिसत होते, माणसं वर बघून हात हलवत होती, आणि मुंग्यांएवढ्या माणसांनी हात हलवले की शहाण्या माणसाची अक्कल जरा पातळ होते. मी मान डोलावली.

दार उघडलं. आम्ही उडी मारली. आणि पाच सेकंदांत सेफ्टी पिन उघडली.

आता, पडताना एक गंमत असते. सोबत पडणारी वस्तू आधी पडताना दिसतच नाही. ते रिव्हॉल्वर ओलीटाच्या खिशातून निघालं आणि माझ्या नाकासमोर तरंगत राहिलं, जसं कुणी ते विकायला मांडलंय. मी हात पुढे केला. त्यानं एक गिरकी घेतली, नळी माझ्याकडे वळवली, मग तोंड खाली करून जे निघालं ते तंबूंच्या दिशेनं.

खाली बँड, टेबलं, पोरं, पाद्रीबाबा. आठ हजार फूट. सात.

मी हात अंगाशी घेतले, डोकं खाली केलं आणि विहिरीत घागर सुटावी तसा सुटलो. वाटेत एक ससाणा होता. तो बाजूला झाला.

"ससाणा सात हजार फुटांवर?" कुणीतरी म्हणालं.

"त्यालाही तेच नवल वाटत होतं. पाच हजारांवर माझं बोट मुठीला लागलं आणि निसटलं. चार हजारांवर परत लागलं. साडेतीन हजारांवर मी ते अलगद धरलं, जसं झाडावरून नासपती काढतात."

शेल्बीनं टाळी वाजवली, मग लगेच भुवया उंचावल्या. "पण भरलेलं रिव्हॉल्वर हातात घेऊन छत्री कशी उघडलीत?"

"बरोबर प्रश्न. जबाबदार माणूस भरलेलं हत्यार घेऊन तीनशे माणसांत उतरत नाही. मी गोळ्यांची चक्री उघडली, सहाही काडतुसं काढली आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून गालांत भरली."

"त्या वाऱ्यात? सकाळी माझे गाल कानांमागे गेले होते!"

"म्हणून तर सहा मावली."

हँगरचा पत्रा हादरला एवढे हसले सगळे. मी हात वर करून त्यांना गप्प केलं, कारण खरा भाग पुढेच होता. दोन हजार फुटांवर छत्री उघडली. लाल आणि पांढरी, टम्म फुगलेली. मी वळणं घेत खाली आलो आणि कोबीची कोशिंबीर आणि पीचचा केक यांच्या मधोमध टेबलावर दोन्ही पायांवर उभा राहिलो. एक ग्लास सांडला नाही. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. अग्निशमन दलाचा प्रमुख तोंडात मासा तसाच धरून म्हणाला, "हार्लन, काही वाढू का?" मी रिकामी ताटली पुढे ओढली आणि एकेक काडतूस तिच्यात टाकलं. टण्. टण्. सहा वेळा. मग रिकामं रिव्हॉल्वर सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

तीनशे माणसं उभी राहिली हो! टोप्या उडाल्या. पाद्रीबाबांनी शीळ घातली. बँडनं असं काही वाजवलं, की मैदानाकडेच्या गाई हंबरायला लागल्या. त्या दिवशी एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. आणि आजतागायत या तळावर हत्यार ज्याचं त्यानं आपल्या ट्रकमध्ये, रिकामं करून, कुलपात ठेवायचं, हा नियम आहे. कुणी लादलेला नाही. आम्हीच हात वर करून केला, एकमतानं, आणि ज्यांच्याकडे सगळ्यांत जास्त बंदुका होत्या त्यांचे हात सगळ्यांत आधी वर गेले.

"आणि ओलीटा?" शेल्बीनं विचारलं. तिचे डोळे लकाकत होते.

"ओलीटा माझ्या शेजारी उतरली," मी आवाज खाली आणत म्हणालो. "रडवेली. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, 'हार्लन, तू नसतास तर—'"

सगळे माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागले होते. मी वळलो. दारात ओलीटा उभी होती, काखेत कुणाची तरी राखीव छत्री आणि दातांत लाल दोरा. तिनं दोरा तोंडातून काढला.

"रडवेला तू होतास, म्हाताऱ्या. फाटक तुझं, शेरीफ तुझा, तुटकी चेनही तुझी, आणि रिव्हॉल्वरही तुझंच. मान मी डोलावली, ती चूक माझी. आणि ते पकडलं, तेही मीच."