दोन दारांचा गुत्ता

२००३ साली शहापूरजवळ हायवेला एका शेठने जागा घेतली आणि माझ्या नि संदीपच्या हातात एक कॅलेंडर दिलं. त्यात लंडनमधला राणीच्या काळातला दारूचा गुत्ता. जानेवारीत बाहेरून, फेब्रुवारीत आतून. मार्चपासूनचे गुत्ते शेठने फाडून टाकले होते, आमचा गोंधळ नको म्हणून.

"सेम पायजे," शेठ म्हणाला.

सेम म्हणजे सेम. लाल विटा, सागाचा अर्धगोल काउंटर, खाली पाय ठेवायला पितळी दांडा. शहापूरच्या मे महिन्यात आम्ही शेकोटीचं धुराडं बांधलं. फोटोत छपराखाली एक गोल काळं भोक होतं, तेही पाडलं. ते कॅलेंडर टांगायच्या खिळ्याचं होतं हे मागाहून लक्षात आलं. शेठला तेच सगळ्यात आवडलं.

गवंडीकाम संदीपचं, सुतारकाम माझं. तो गावातला, मी बुद्धवाडीतला. दहावीला दोघं एकाच बाकावरून नापास. माझी आई गोजाबाई घमेली उचलायला होती. छताला प्लास्टरची फुलं बसली, पण परांचीमुळे तिला ती धड दिसेनात.

"काकी, ओपनिंगला तुला मोठ्या दारातून नेतो," संदीप म्हणाला. "खुर्चीवर बस नि वर बघत रहा."

"नक्की ना रे?"

"आईशप्पत."

दारं दोन होती. एक मोठं, नक्षीदार काचेचं. दुसरं कोपऱ्यात, अरुंद. आत मधोमध उंच लाकडी पार्टिशन. फोटोत होतं म्हणून मी ठोकलं.

आईने घमेलं खाली ठेवलं. "ह्या बारक्या दारानं कोन जानार?"

"हवा जाईल गो," मी म्हणालो.

"हवेला कडी कशाला लागते?"

शेठने खुलासा केला. तिकडे एका दारातून साहेब जायचे, दुसऱ्यातून मजूर. पार्टिशनमुळे कुणाला कुणाचं तोंड दिसत नसे.

आई हसली. "आमच्या लहानपनी आमच्यासाठी हाटेलाभायेर कप टांगलेला असायचा. ह्यांनी अख्खी खोली दिली. बरे हायत."

"काकी, ते नुसतं शोला," संदीप म्हणाला.

ओपनिंगला आई ठेवणीतली साडी नेसली. मोठ्या दारात संदीप उभा होता, टाय लावून. टाय बेंबीच्या खाली पोचला होता.

"मॅनेजर झालो," तो म्हणाला. बघत होता माझ्या खांद्यावरून हायवेकडे. "काकी, आज जरा तिकडून जा. पाहुणे हायत."

"तिकडनं फुलं दिसतात?"

त्या बाजूला वर पत्रा होता. त्यानेच बसवलेला.

"पंखा हाय," संदीप म्हणाला.

"शेठने सांगितलं का तुला?" मी विचारलं.

"नाय. शेठ काय बोलला नाय."

"मग?"

"बोलायच्या आधी समजून घ्यायला लागतं रे."

आईने पदर सारखा केला आणि बारक्या दारासमोरून सरळ एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली. मी मागून. एसटीत मी एवढंच म्हणालो, की पत्रा गळणार आहे.

आठ दिवसांनी संदीप घरी आला. पावसाने मोठं दार फुगलं होतं, लागत नव्हतं. आईने त्याला चहा दिला. तो प्यायला.

"उद्या येतोस ना तासायला?"

"रंधा हरवलाय," मी म्हणालो.

रंधा आम्हा दोघांच्या मध्ये, चटईवर पडला होता. संदीपने तो थोडा बाजूला सरकवला, कप ठेवला आणि गेला.