ढोलापहाडी सोपी केली त्याची गोष्ट

ढोलापहाडीवरून सायकलने खाली उतरायची स्पर्धा माझ्या बहिणीने, खुशबूने जिंकली.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जा. अशी स्पर्धा झाली नाही. तालुक्याला जो अहवाल गेला त्यात त्या दिवशी ‘वृक्षारोपण व अल्पोपाहार’ असं लिहिलं आहे, आणि कागदावर जे नाही ते आमच्याकडे झालेलं नसतं. तर जे झालं नाही ते कसं झालं ते सांगतो.

यंदाचा, म्हणजे २०१४चा फेब्रुवारी. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, ढोलापहाडीच्या पायथ्याशी. लोक इथल्याच प्रतापगडावर जातात, महादेवाचं दर्शन घेतात, नवस बोलतात. ढोलापहाडीवर कोणी जात नाही, कारण वर काही नाही. याच गुणावर तिची ‘साहस महोत्सवा’साठी निवड झाली. नागपूरची सहा पोरं आली, त्यांनी चुन्याच्या खुणा केल्या आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत सायकलची वाट ठरवली. वाटेत सागाची मुळं, काळे खडक, आणि दोन वळणं अशी की वळलं नाही तर थेट खाली. अवघड असणं हीच म्हणे तिची खुबी.

स्थानिकांनाही नाव देता येत होतं. आख्ख्या गावातून एक नाव गेलं.

मी ती वाट पायी उतरून पाहिली. तीन जागी बसून उतरलो. एका जागी उलटा, शिडी उतरतात तसा. खुशबू बारावीत, सायकल शाळेतून मिळालेली, पुढे टोपली. मागचा ब्रेक दाबला की ती सायकल आधी थोडा विचार करायची. आणि त्या दिवसापासून मला खुशबूची मान दिसायला लागली. वेणी घालताना ती मान खाली घालायची, आणि माझ्या हातातला घास तसाच राहायचा. मान किती बारीक असते हे सतरा वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं.

“नाव काढ,” मी म्हणालो.

“काऊन?”

“मरशीन.”

“सायकलनं कोणी मरते का गा दादा? मरतेत ते ट्रकनं. सडक अर्जुनीले जाऊन पाय.”

“तिथं सपाट रोडावर मरतेत. हे तर पहाडी आहे.”

“तू भितेस म्हणून मी कायले घरी बसू?”

 मी खरोखरच भितो. उतार आला की मी सायकल हातात धरतो. गोंदियाच्या उड्डाणपुलावर मला लहान पोरांनी मागे टाकलं आहे, त्यातलं एक तीनचाकीवर होतं.

म्हणून मी सुमनकाकूकडे गेलो. सुमनकाकू आमच्या शेजारच्या, आणि रोजगार हमीवर बावीस बायांच्या मेट, म्हणजे कामावरच्या मुख्य. गावातला प्रत्येक पांदण रस्ता यांच्या टोळीने दाबलेला.

“काकू, थे पहाडीची वाट सोपी करून दे. दगड काढ, खड्डे बुजव. सपाट कर.”

“किती सपाट?”

“एकदम सपाट.”

“लोकेंद्रभाऊले चालन?”

लोकेंद्रभाऊ महोत्सव समितीचे आमच्या बाजूचे सचिव. त्यांना विचारलं तर ते फोनवर बोलता बोलताच म्हणाले, “करो ना, करो! बडे साहब आने वाले है, उनके पैर को कंकर भी नही लगना.”

बाया सोमवारी कामाला लागल्या. मी पेपर द्यायला गोंदियाला गेलो आणि चार दिवस इतका गाढ झोपलो की एक पेपरही त्यात गेला. त्या चार दिवसांत खुशबूची मान एकदाही दिसली नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी एसटीतून उतरलो तो थेट पहाडीखाली आलो. वर पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडच्या बाईला ‘सपाट कर’ म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे रस्ता येत नाही, बांधी येते. बांधी म्हणजे धानाचं वावर, ज्यात पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं पाहिजे. आणि बांधी म्हटली की खालच्या अंगाला धुरा आलाच, पाणी अडवणारा. रस्त्याला निदान सरकारी माणूस येऊन दोरी लावून देतो. इथे दोरी लावायला कोणी आलं नव्हतं. बायांनी आपल्या अकलेने काम केलं होतं, आणि ती अक्कल धानाची होती.

ढोलापहाडीवर अकरा बांध्या पडल्या होत्या. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, एकाखाली एक. प्रत्येक बांधी कॅरमबोर्डासारखी सपाट. प्रत्येकीच्या टोकाला गुडघाभर धुरा, आतल्या बाजूने उतरता, धुमसाने, म्हणजे माती ठोकायच्या ठोकळ्याने, ठोकून मातीने सारवलेला. आणि धुऱ्यापलीकडे पुरुषभर खोल काहीच नाही. त्याच्याखाली पुढची बांधी.

सायकलवाल्यासाठी याला दुसरं नाव आहे. उडी.

सुमनकाकू पायथ्याशी पदर खोचून उभ्या होत्या, लग्नाचं घर सजवून झाल्यासारख्या.

“काकू, हे का केलं?”

“सपाट केलं. तूच म्हणलास ना गा.”

“अना उतार कोठी गेला?”

“धुऱ्याखाली आहे ना. जाईन कोठी?” त्यांनी वर बोट दाखवलं. “नवव्या बांधीत काल पाणी सोडून पायलं. एका बोटाचा फरक नाई.”

तेवढ्यात मागच्या पायवाटेने नागपूरची सहा पोरं खाली आली. हेल्मेट घातलेली, गुडघ्यांना पट्टे, आणि सायकली खांद्यावर. त्यांच्यातला मोठा माझ्याकडे न बघता म्हणाला, “हमारे घर मे मम्मी-पापा है भाई.” मग थांबून म्हणाला, “उपर एक लडकी है. हमने मना किया.”

“मग?”

“हँस रही थी.”

मी पळालो. चढावर मी पळतो, चढाची मला भीती नाही. अकरावा धुरा चढलो, दहावा चढलो, आणि नवव्याखाली पोचलो तेव्हा वरून लोकेंद्रभाऊंची शिट्टी वाजली.

मधे मोह आणि साग. वरचं काही दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं. खुशबूच्या सायकलीच्या मडगार्डाचा एक स्क्रू केव्हाचा पडला आहे, त्यामुळे ती चालली की खडखडते. मी तिला दहादा म्हणालो होतो की बसवून घे. तिने बसवला नाही म्हणून मला सगळं कळत होतं. खडखड म्हणजे चाक जमिनीवर. खडखड बंद म्हणजे माझी बहीण हवेत.

खडखड. मग काही नाही. मग धप्, आणि पुन्हा खडखड.

एक.

पुन्हा काही नाही. धप्. खडखड. दोन.

प्रत्येक वेळी ते ‘काही नाही’ थोडं लांबत होतं. तिसऱ्यात मी श्वास धरला. चौथ्यात सोडायचा विसरलो. “खुशबे, ब्रेक दाब!” असं ओरडायचं ठरवलं, तर तोंडातून नुसती वाफ आली. पाचव्या वेळी तिथे एवढा वेळ होता की मला मायला कसं सांगायचं ते वाक्य तयार करता आलं. सहाव्या वेळी ते वाक्य सुधारता आलं. धप् झालं की माझे गुडघे आपोआप वाकायचे, जसा काही मीच उतरलो. सातव्याला धप् बरोबर काहीतरी मोडल्याचा आवाज आला, लाकडाचा का कशाचा ते कळलं नाही, पण खडखड सुरू राहिली.

आठ. काही नाही.

काही नाही.

मग एक आवाज आला, फच्, असा. आणि खडखड आलीच नाही.

मी नवव्या धुऱ्याला छाती लावून उभा होतो. धुऱ्याचा माथा माझ्या डोक्यावर. पलीकडे जे काय होतं ते चार हातांवर होतं. मी चढलो नाही. खोटं कशाला सांगू, मी तिथे उभा राहून धुऱ्यावरची बायांच्या बोटांची सारवण पाहत होतो. बोटं मोजली. चार आणि अंगठा. जोवर मी वर चढत नाही तोवर ती जिवंत आहे, असा माझा हिशेब होता.

“दादा?” पलीकडून आवाज आला. “किती झाले?”

चढून पाहिलं. नववी बांधी चिखलाने भरलेली होती. सायकल त्यात आसापर्यंत रुतून सरळ उभी, स्टँडवर लावल्यासारखी. शेजारी खुशबू कमरेपर्यंत चिखलात, धानाची रोवणी करायला उतरल्यासारखी. तिचं डावं मनगट ज्या बाजूला मनगट वळत नाही त्या बाजूला वळलेलं होतं.

“आठ,” मी म्हणालो.

तिने चिखल थुंकला. “म्हणजे तीन रायले.”

मागून सुमनकाकू आल्या. त्यांनी चिखलात पायाचा अंगठा घालून पाहिला. “अजून दोन दिवस सुकाले पायजे होती,” त्या हळहळल्या.

दवाखान्यात जाताना गाडीत मी खुशबूला म्हणालो, “पहिली वाट असती तं मेलीच असती तू.”

“पहिल्या वाटेनं मी कायले बसली असती? मी का येडी आहो?” ती म्हणाली. “थे दगड पाहूनच ठरवलं होतं मी. शिट्टी वाजली का सायकलवरून उतरायचं अना हातानं खाली आणायची. सर्टिफिकेट तं सगळ्याईलेच होतं. पण हे तं तू सोपी करून ठेवली ना. म्हणलं, आता काऊन भ्यायचं?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कालवा होता. 

एकटीच सायकलवर बसली म्हणून खुशबू पहिली आली. फोटो निघाला. मग बडे साहेबांना मनगटाचं कळलं, फोटो पुसला गेला, माथ्यावर कडुनिंबाची चार रोपं लागली आणि अहवाल गेला.

आता एप्रिल आहे. नववी बांधी वाळून सिमेंट झाली आहे. शुक्रवारी खुशबूचं प्लास्टर निघतं. ती रोज संध्याकाळी पायथ्याशी जाऊन धुरे मोजते, आणि आता तिच्यासोबत वर्गातल्या चौघी असतात, सायकलीसह. खुशबू म्हणते, “तीनच तं रायले दादा.” पण ती पुन्हा माथ्यावरून येणार, हे मला माहीत आहे. म्हणजे अकरा उड्या. चौघी धरून पंचावन्न.

मी सुमनकाकूच्या पाया पडलो.

“धुरा तोडू?” त्यांनी हात मागे घेतला. “वावराच्या धुऱ्यासाठी लोकाईनं भावाचं तोंड पायलं नाई. माह्या हातानं नाई होणार बाप्पा.” मग सब्बल, म्हणजे पहार, घेऊन मी एकटाच गेलो. बायांनी धुमस असा मारला आहे की सब्बल उलटी आली आणि माझं कपाळ सुजलं.

कार्यालयात गेलो. ते म्हणाले, ढोलापहाडीवर वाट अशी नोंदच नाही, चार झाडं आहेत. जी वाट नाही ती दुरुस्त कशी करणार? तरी अर्ज द्या म्हणाले, अर्ज कोणीही देऊ शकतो. तो दिला आहे. जोडपत्र : सुजलेल्या कपाळाचा फोटो.

*विषय : ढोलापहाडीची वाट पूर्ववत अवघड करून मिळणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर पहाडीवर चुकून आलेला सोपेपणा येत्या शुक्रवारपूर्वी काढून टाकण्यात यावा. अकरा धुऱ्यांत घातलेले सर्व दगड शोधून ते मूळ जागी, टोकदार बाजू वर ठेवून बसवण्यात यावेत. सागाची तोडलेली मुळे जमिनीतून पुन्हा वर काढण्यात यावीत. तसेच काम पूर्ण झाल्यावर एखाद्या सक्षम अधिकाऱ्याने माथ्यावर स्वतः उभे राहून खाली पाहावे, व त्यांना सायकल हातात धरून उतरावेसे वाटेल इतपत भीती तेथे शिल्लक असल्याचे प्रमाणपत्र अर्जदारास देण्यात यावे, ही नम्र विनंती.*