डावीकडचं शेवटचं जहाज

माझ्या नवऱ्याला, रत्नाकरला, हवाई दलाचं कुठलंही विमान दाखवा. ते कधी आलं, कुठल्या तळावर होतं, कधी आपटलं आणि कुठल्या पंखाला नवा पत्रा बसला, सगळं सांगेल. नुसती जात नाही, व्यक्ती ओळखतो हा. शेपटीवरचा आकडा, पोटावरचा डाग, रंगातला थोडासा फरक, एवढं त्याला पुरतं. बँकेत नोकरी करता करता हे कधी शिकला देव जाणे. माझा वाढदिवस विचारला तर मात्र छताकडे बघतो. तिथेही विमान शोधत असावा.

बँकेनं बदली करून आम्हाला बनारसला पाठवलं आणि आम्ही संकठा घाटाजवळ कस्तुरीकाकूंच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो. काकूंचे यजमान विश्वेश्वरशास्त्री म्हणजे घाटावरचं मोठं नाव. त्यांचा एकुलता एक मुलगा सुशांत वेदपाठ सोडून हवाई दलात गेला, त्याला दहा वर्षं झाली. शास्त्रीबुवा तेव्हा म्हणाले, "आगीवर बसून उडायचं असेल तर खुशाल उड, माझ्या दारात उतरू नकोस." तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. मुलगाही बापाच्याच वळणाचा, त्यामुळे तोही फिरकला नाही. काकू तेवढ्या स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात फोन करत.

यंदा गंगेवर विमानांच्या, म्हणजे इथल्या भाषेत जहाजांच्या, कसरती होणार असं ठरलं आणि काकू धावत वर आल्या.

"रत्नाकर, सुशांत त्यात आहे हो! नऊ जहाजं एकसाथ उडणार. डावीकडचं शेवटचं माझं, असं म्हणाला. मला बस इतकं सांगा, त्याचं कोणतं? मी छतावरून त्याला ओवाळणार आहे."

"काकू, उडत्या विमानाला?" मी विचारलं.

"मग काय करू? खाली तर तो येत नाही."

रत्नाकरला तर आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. त्यानं आठवडाभर जुने फोटो धुंडाळले आणि जाहीर केलं की डावीकडच्या टोकाला नेहमी सात नंबर असतो, त्याच्या पंखाखाली फिकट चौकोन आहे, आणि तो आपण झोपेतही ओळखू.

त्या सकाळी आमच्या गच्चीवर अख्खा मराठी मोहल्ला जमला. एरवी सुशांतचं नाव काढलं की नाक मुरडणारी मंडळी आज त्याला अंगाखांद्यावर खेळवल्याच्या आठवणी सांगत होती. काकूंनी तबक मांडलं होतं: निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून पदर आडवा धरला होता. शास्त्रीबुवा येणार नव्हतेच. ते फक्त पाण्याची टाकी तपासायला वर आले, आणि ती तपासायला त्यांना बराच वेळ लागत होता.

तेवढ्यात कुणीतरी शंका काढली. डावीकडचं म्हणजे नक्की कुणाच्या डावीकडचं? आपलं तोंड पूर्वेला, गंगेकडे. आपल्या डाव्या हाताला राजघाटचा पूल. म्हणजे पुलाकडचं विमान का? झालं. अर्धी गच्ची पुलाच्या बाजूनं, अर्धी विरोधात. एकानं तर काकूंना धरून पुलाकडे वळवलंसुद्धा.

टाकीमागून आवाज आला, "डावं-उजवं करणाऱ्याचं धरतात, बघणाऱ्याचं नाही. संकल्प सोडताना यजमानाचा उजवा हात घेतात की प्रेक्षकांचा? जहाजं दक्षिणेकडून, अस्सी घाटाच्या बाजूनं येणार. मग डावं ते घाटाच्या अंगाचं, आणि उजवं पलीकडच्या वाळूच्या अंगाचं. एवढं कळत नाही तर छतावर कशाला चढता?"

मुलाशी आपला संबंध नाही म्हणणाऱ्या माणसानं हा हिशोब किती दिवस आधी करून ठेवला होता, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

आणि विमानं आली. लाल-पांढरी, नऊच्या नऊ, हुबेहूब एकसारखी. छाती दणाणली, माकडं पळाली. रत्नाकर कॅमेऱ्याला डोळा लावून किंचाळला, "सात! घाटाच्या अंगाचं! चौकोन दिसला! काकू, तेच!"

काकूंनी ओवाळलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ज्योत विझू दिली नाही. शास्त्रीबुवा केव्हा पुढे आले कळलंच नाही. मुठीत अक्षता घेऊन त्यांनी खणखणीत आवाजात दीर्घायुष्याचा मंत्र म्हटला आणि अक्षता आकाशात फेकल्या. त्यातल्या बऱ्याच रत्नाकरच्या कॅमेऱ्यावर पडल्या.

दुपारी काकूंचा फोन वाजला. त्यांनी घाईत स्पीकर लावला.

"अम्मा, देखा? मस्त था ना?"

"पाहिलं रे! ओवाळलं तुला. डावीकडचं शेवटचं, सात नंबर."

"अरे, सुबह पोझिशन चेंज हो गई, अम्मा. मैं तो राइट में था, लास्ट. सात में दूसरा लडका था."

पंचवीस माणसांच्या साक्षीनं, बापाच्या मंत्रासकट, काकूंनी भलत्याच पोराला ओवाळलं होतं. "पण विमान सातच होतं," रत्नाकर पुटपुटला. पत्र्यावरचा चौकोन याला दिसला, आत कोण बसलंय ते कुठल्या कॅमेऱ्यातून दिसणार होतं?

शास्त्रीबुवांनी हात पुढे करून फोन घेतला.

"म्हणजे तू वाळूच्या अंगाला होतास?"

पलीकडची हिंदी एकदम बंद पडली. "हो, बाबा."

"मग आशीर्वाद दुसऱ्यालाच गेला."

"त्याला सांगतो मी, बाबा."

"सांग. दिलेला परत घेत नाहीत, त्याच्याकडे राहू दे. पण तुझा विधी राहिला. यजमान चुकला की विधी पुन्हा करावा लागतो, आणि तो लांबून चालत नाही. यजमान समोर पाटावर बसलेला लागतो. शास्त्रच आहे तसं, माझा इलाज नाही."

"कधी येऊ, बाबा?"

"मुहूर्त बघावा लागेल. हा महिना तसा..."

"काही बघावं लागत नाही," काकू म्हणाल्या. नवऱ्याचं बोलणं त्यांनी कधी मध्येच तोडलेलं मी पाहिलं नव्हतं. "सुट्टी मिळाली की ये."

"तोच मुहूर्त," शास्त्रीबुवा म्हणाले. फोन काकूंच्या हातात देऊन ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.