डोळा लावायची खिडकी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि तोही स्वस्तातला. 'नवशिक्यांसाठी' असं माझ्या खोक्यावरच छापलेलं होतं. दुकानात माझी जागा सगळ्यात खालच्या फळीवर. वरच्या फळीवरचे महागडे भाऊबंद मला खिजगणतीतही धरत नसत.

कारखान्यात एका पांढऱ्या टोपीवाल्या बाईने माझ्या पोटात आरसा बसवला आणि माथ्याशी एक छोटी खिडकी लावली. तिला व्ह्यूफाइंडर म्हणतात. भिंगातून आलेला उजेड आरशावरून त्या खिडकीत येतो. तिला डोळा लावला की समोरचं दिसतं. बाईने स्वतःचा डोळा लावून पाहिलं, मान हलवली आणि मला पुढे सरकवलं.

मला घेतलं ते फोटोकाकांनी. शाळाशाळांतून फिरून वर्गांचे फोटो काढायचे, हा त्यांचा धंदा. घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. भर उन्हात मैदानात बाकं मांडायची, उंच मुलं मागे, बुटकी पुढे, ही कामं मुलीची. मग काका कोपरं अंगाशी घट्ट धरत आणि मला कपाळाला टेकवत. त्यांच्या पापण्या मला लागत. त्यांच्या नाकाचा तेलकट ठसा माझ्या पाठीवरच्या पडद्यावर उमटे. "बाबा, किती नाक घासता त्याच्यापुढे," असं म्हणत मुलगी तो पुसून काढी. अशी आमची अकरा वर्षं गेली.

पुढे पुढे काकांचे हात थरथरू लागले. त्यांच्या हातात चहाची कपबशी वाजायची. पण मी कपाळाला टेकलो की थरथर थांबे, कारण मग मला तीन आधार असत, दोन हात आणि एक कपाळ. हे फक्त मला ठाऊक होतं. काकांच्या ते कधी लक्षातच आलं नाही.

एके दिवशी माझ्या आतलं शटरचं एक पातं तुटलं. दुरुस्तीवाल्याने मला कानाशी धरून हलवलं. "याचा पार्ट आता येत नाही. नवीनच घ्या," तो म्हणाला. काकांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि माझ्याच घराण्यातला, खालच्याच फळीवरचा नवा कॅमेरा आणला. नवा दिसायला राजबिंडा होता. वजनाला हलका, पडदा बोटावर चालणारा. मुलीने त्याला चारी बाजूंनी फिरवून पाहिलं आणि दुकानात फोन लावला.

"अहो, याला डोळा लावायला काहीच नाही."

"या मॉडेलला आता देत नाहीत, ताई. पडद्यावर बघायचं."

"आमचा जुना फ्लॅशही यावर पेटत नाही."

"त्याची जोडणी वरच्या मॉडेलला आहे. खिडकीही आहे. तेच घ्या ना."

"जुना याच्याएवढाच स्वस्त होता. त्यात सगळं होतं."

"होतं खरं," दुकानदार म्हणाला. "काढून टाकलं त्यांनी."

कपाटात मला हसू फुटलं. जन्मभर ज्याला कुणी विचारलं नाही, तो मी आता वासरांत लंगडी गाय शहाणी ठरलो होतो. ते हसू मात्र फार टिकलं नाही. तोंडावर झाकण, आजूबाजूला रिकाम्या फ्रेमी, आणि दिवसचे दिवस जवळ येणारं कुणी नाही. फार एकटं वाटायचं.

पहिल्या शाळेहून दोघं परतली. संगणकावर फोटो उघडले. "उन्हात पडद्यावर पोरं दिसतच नव्हती, माझंच तोंड दिसत होतं," काका म्हणाले. एकूण एक फोटो हललेले होते. दुसऱ्या शाळेतही तेच झालं.

"हात गेले माझे," काका म्हणाले. "डोळ्यांना नंबर वाढवून मिळतो, हातांना काय मिळणार? उद्या पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन करतो, दुसरा कुणी बघा म्हणून. पुरे झाला हा धंदा."

मित्रांनो, खरं कारण मला माहीत होतं. कॅमेरा हात लांब करून धरला की हात हलणारच. काका आपल्या हातांना बोल लावत होते आणि मी हातभर अंतरावर मुका बसून होतो. इतका लाचार मी कधीच झालो नव्हतो.

सकाळी काका सामान खोक्यात भरू लागले. सगळ्यात शेवटी त्यांनी मला काढलं, झाकण उघडलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि सवयीने डोळ्याला लावलं. माझ्यात बॅटरी नव्हती, पण माझ्या खिडकीला वीज लागत नाही. त्यांना दारात उभी असलेली मुलगी दिसली.

"बाबा, तसेच थांबा," ती म्हणाली.

"कशाला? मेलाय तो. फोटो कुठला निघतोय."

"फोटो नको. हात बघा तुमचे."

हात स्थिर होते.

"तो नवा लांब धरावा लागतो म्हणून हलतो," ती म्हणाली. "माझ्याही हातात हलला परवा. मला वाटलं, मलाच जमत नाही."

काकांनी डोळा काढला नाही. माझ्या खिडकीची कड ओली झाली. बाईंना फोन गेला नाही. संध्याकाळी मुलगी दुरुस्तीवाल्याकडून माझ्यासारखाच एक वापरलेला कॅमेरा घेऊन आली, खिडकीसकट.

आता कपाटात माझ्या शेजारी तो नवा पडलेला असतो. मी त्याच्यावर फार जळलो होतो. आता त्याची कीव येते. त्याच्यातून जे वगळलं, ते त्याला विचारून वगळलं नव्हतं. त्याने तर कुणाच्या कपाळाची ऊबही कधी अनुभवली नाही.

मित्रांनो, काम बिघडलं तर आपल्या हातांना नावं ठेवण्याआधी हातात काय दिलंय ते एकदा तपासा. आणि घरात माझ्यासारखं कुणी जुनं पडून असेल, तर कधीतरी झाकण उघडून त्यातून बाहेर बघा. तेवढंही आम्हाला पुष्कळ होतं.

काका रोज या कपाटासमोरच बसून फोटो निवडतात. फोटो चांगले येतात, असं मुलगी म्हणते. मला मात्र त्यांच्या कपाळाची फार आठवण येते.