माझा पिवळा दिवा

मित्रांनो, मला खटारा म्हणा, डबा म्हणा, मी रागावणार नाही. सात माणसं दाटीवाटीने बसतील अशी मी एक म्हातारी गाडी. कारखान्यातून निघाले तेव्हा डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होते. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावच्या उन्हाने छपराचे पापुद्रे काढले.

माझी मालकीण लुडिविना शतावरीचे भाजीचे कोंब निवडण्याच्या शेडमध्ये कामाला जाते. जाताना वस्तीतल्या तीन वयस्क बायकांना बरोबर घेते, कारण शेड पडली गावाबाहेर आणि तिकडे बस जात नाही. एके काळी मी त्यांच्या नवऱ्या मुली चर्चला नेल्या, बारशाचे केक न सांडता पोचवले. "ही गाडी म्हणजे आमची थोरली लेक!" असं त्या म्हणायच्या. थोरल्या लेकीचं दुखणं मात्र कोण मनावर घेतं?

टाकीजवळची माझी रबरी नळी चिरली. पेट्रोलची वाफ आत शिरू लागली आणि काचेमागे माझा पिवळा दिवा लागला. आम्हा गाड्यांना जीभ नसते, मित्रांनो. तो दिवा हेच आमचं कण्हणं. लुडिविनाने त्यावर बाळ येशूचं चित्र चिकटवलं. "आता तोच बघेल," म्हणाली.

मागे बसणाऱ्या फेलिसामावशी कपाळ चोळत विचारायच्या, "अगं, हा वास कसला?"

"तुमच्या डब्यातल्या सुक्या मासळीचा!"

सगळ्या खिदळायच्या. मला हसू कुठून येणार?

आणि नेमकी धुराची सरकारी तपासणी आली. दिवा लागलेला दिसला की नापास; पास नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर रस्ता नाही. शतावरीचा हंगाम तोंडावर आलेला. मी अडले की चौघींचं काम गेलं. लुडिविनाने दिराला बोलावून घेतलं.

"वहिनी, एवढं काय घाबरता?" तिचे दीर नेस्टर म्हणाले. "दिवाच घालवतो की!"

तपासणीच्या सकाळी त्यांनी माझ्या बॅटरीची तार काढली आणि परत जोडली. दिवा गेला. पण माझी आठवणही पुसली गेली. कुठे काय बिघडलंय, काय ठीक आहे, मला काहीच सांगता येईना.

तपासणाऱ्या बाईने तिचं यंत्र मला जोडलं आणि डोळे वटारले. "बॅटरी कोणी काढली?"

नेस्टरभाऊ स्वतःच्या चपला न्याहाळू लागले.

"कोरी पाटी मी पास करू शकत नाही. थोडे दिवस चालवा, महामार्गावर आणि गावातही. तिला तिचं तिचं आठवू दे, मग आणा."

ते दिवस कसे गेले म्हणून सांगू! बाळ येशूचं चित्र काढून टाकलेलं, आणि चौघींच्या नजरा विझलेल्या दिव्याच्या काळ्या ठिपक्यावर.

"लागला का गं?"

"नाही अजून. बोलू नका, दृष्ट लागेल."

खड्डा आला की लुडिविना जपमाळ पुटपुटायची. मी आपली एकेक अवयव चाचपत होते. इंजिन ठीक, धूर ठीक. टाकीपाशी मात्र अजून पोचले नव्हते.

दुसऱ्या खेपेला बाई म्हणाली, "टाकीची चाचणी राहिलीय. एखादी राहिली तर नियमात बसतं. धूर स्वच्छ आहे. पास!"

लुडिविनाने माझ्या स्टीअरिंगचा मुका घेतला.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" नेस्टरभाऊ.

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा."

दुसऱ्याच दिवशी शेडच्या वाटेवर मला टाकीची आठवण झाली, आणि दिवा लागला.

 लुडिविनाच्या शेजारच्या सीटवरची बाई हळूच म्हणाली, "सोड गं. कागद हातात आहे. आता दोन वर्षं कोण विचारतंय?"

खरंच होतं ते. मला वाटलं, संपलं. लुडिविना तशीच चालवत राहिली. मग तिने आरशात पाहिलं. मागे फेलिसामावशी खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या, नाकाला रुमाल लावून. कुणाला त्रास नको म्हणून त्यांनी विचारणंसुद्धा सोडून दिलं होतं.

लुडिविनाने मला कडेला घेतलं आणि इंजिन बंद केलं.

"उतरा सगळ्या. शेडमध्ये फोन करा, उशीर होईल म्हणावं. मिस्त्रीला इथेच बोलावते."

"हंगामाच्या पहिल्याच दिवशी बोलणी खायची का?"

"खाऊ की. चौघी मिळून खाऊ."

मित्रांनो, आमचा दिवा मालवायची घाई करू नका. आधी विचारा, दुखतंय कुठे? पास झालेलं प्रत्येक जण बरं झालेलं असतंच असं नाही.