बारावर बार

मित्रांनो, मला नळी होती तोवर मी मरोळच्या एका घरातली ठासणीची बंदूक होते. आता नुसता लाकडी दस्ता उरला आहे. त्यावर कोंबड्या बसतात.

माझे काम सोपे होते. तोंडातून आधी दारू ओतायची, मग छर्रे, वर काथ्याचा बोळा, आणि गजाने ठासायचे. भातात रानडुक्कर शिरले की माझी आठवण व्हायची. आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, आमच्या ख्रिस्ती देवळासमोर नुसत्या दारूचा बार काढायचा आमच्या घराचा रिवाज होता. पोरे टाळ्या पिटायची आणि मला मोठा अभिमान वाटायचा.

माझी अट एकच होती. भरण्याआधी नळीत गज सोडून बघायचा. रिकामी असेन तर तो तळाशी टणकन वाजतो, आत बार असेल तर वरच अडतो.

माझा मालक सेबॅस्टियन ताठ्याचा माणूस. भरलेली बंदूक घरात ठेवणार नाही, असा शब्द त्याने फादरना दिला होता. पण १९५४च्या आगेऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने डुकरासाठी मला गच्च भरले. डुक्कर आले नाही. मी तशीच खुंटीला लटकले. त्याच्या बायकोने, आयरीनने, हे पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी बार काढायचा मान सेबॅस्टियनच्या धाकट्या भावाला, मार्कसला मिळाला. सोमवारपासून तो छापखान्यात खिळे जुळवायला जाणार होता. त्याने गज उचलला.

"दादा, आत काय नाय ना? बघू का?"

फादर शेजारीच उभे होते. सेबॅस्टियन हसला. "माझ्यावर भरोसा नाय? रिकामी आहे. भर रे, भित्र्या."

लोकही हसले. आयरीनने तोंड उघडले, पण नवऱ्याने तिच्याकडे नुसते पाहिले आणि तिने मान खाली घातली.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. कालच्या बारावर आजची दारू पडली, बोळा ठासला, चाप ओढला. मी मार्कसच्या डाव्या पंजातच फाटले. त्याची चार बोटे गेली, आणि नोकरीही.

"पोरानं दारू जास्त घातली," असे सेबॅस्टियनने गावभर सांगितले. मार्कसलाही ते पटले. दवाखान्यातून आल्यावर तो म्हणाला, "दादा, माझ्यामुळं आजोबांची बंदूक फुटली."

"असू दे. माफ केलं तुला."

आयरीन तिथेच तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

मित्रांनो, कुणाच्या शब्दाने नळी रिकामी होत नसते. गज सोडून बघा, आणि कुणी भित्रा म्हटले तर खुशाल म्हणू द्या.